केबल महाग की तपासलेली?

संगीतप्रेमींच्या खाजगी बैठकींत आणि जुन्या ध्वनिमुद्रणांच्या संग्राहकांत गेली काही वर्षे एक प्रश्न हमखास निघतो: संगणकातले गाणे ध्वनियंत्रणेपर्यंत नेणारी यूएसबी केबल बदलली, तर गाणे बदलते का? प्रिंटरला लावायची केबल दोन-तीनशे रुपयांत मिळते. तशीच टोके असलेली, पण चांदीच्या तारांची आणि विणलेल्या वेष्टनाची केबल काही हजारांपासून लाखाच्या घरापर्यंत जाते. या दोन्हींच्या मध्ये हौशी मंडळींचा तिसरा पंथ आहे. ते मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून सुटे भाग आणतात आणि केबल घरीच जोडतात. महाग केबल घेणारे आणि घरी जोडणारे, दोघांचीही साक्ष एकच असते: मंद्र सप्तक मोकळे झाले, तानपुरा मागे जाऊन बसला, आवाजावरचा पडदा उठला.

मी शिक्षणाने अभियंता नाही. स्पूल, कॅसेट आणि तबकड्या संगणकात उतरवण्याचे काम करता करता, यूएसबीच्या मानकाचे दस्तऐवज वाचत आणि सोल्डरिंग करत जे समजले ते इथे मांडतो आहे. प्रश्न हौसेचा वाटला तरी त्यात खरे काहीतरी पणाला लागलेले असते. ज्याच्या घरात वडिलांनी केलेली मैफलींची मुद्रणे पडून आहेत, त्याच्याकडे ती वाचवण्यासाठी पैसे मोजके असतात आणि वेळ त्याहून कमी. ते पैसे कुठे खर्च करायचे यावर त्या मुद्रणांचे पुढचे आयुष्य ठरते.

तारेतून काय जाते?

जुन्या ध्वनियंत्रणेत तारेतला विद्युतदाब हाच गाण्याचा आकार असे. आवाज चढला की दाब चढे, उतरला की उतरे. पंख्याच्या रेग्युलेटरची खरखर किंवा ट्रान्सफॉर्मरची गुणगुण त्या तारेत शिरली, तर ती गाण्याचाच भाग होऊन जाई. पुढच्या कोणत्याही यंत्राला दोन्ही पुरतेपणी वेगळे करता येत नसे. केबलविषयीच्या आपल्या बऱ्याचशा समजुती त्या काळातल्या आहेत आणि त्या काळापुरत्या त्या बरोबरही होत्या.

यूएसबी केबलमधून गाण्याचा आकार जात नाही, त्याचे अंकांतले वर्णन जाते. सीडीच्या दर्जाच्या मुद्रणात लहरीची उंची सेकंदाला 44,100 वेळा मोजलेली असते. प्रत्येक मोजमाप, म्हणजे नमुना, 16 बिटांत लिहिलेला असतो आणि डावा-उजवा असे दोन प्रवाह असतात. गुणाकार केला तर सेकंदाला 14,11,200 बिट होतात. 2000 साली आलेल्या यूएसबी 2.0 चा वरचा वेग सेकंदाला 48 कोटी बिटांचा आहे, म्हणजे सीडीच्या गरजेच्या सुमारे 340 पट. त्याआधीचा 1 कोटी 20 लाख बिटांचा वेगही स्टिरिओ गाण्याला पुरून उरतो.

साध्या यूएसबी 2.0 केबलमध्ये चार तारा असतात. लाल तार 5 व्होल्टची, काळी परतीची आणि हिरवी-पांढरी ही एकमेकींना पीळ घातलेली जोडी माहितीची. घेणारे यंत्र दर क्षणी एवढेच पाहते, की या दोघींपैकी कोणीवरचा दाब जास्त आहे. बाहेरचा गोंगाट पिळामुळे दोघींवर जवळपास सारखाच पडतो आणि त्यांच्यातला फरक तसाच राहतो. दाब किंचित कमी-जास्त झाला, कडा थोड्या गोलावल्या, तरी 'हा की तो' हा निवाडा बदलत नाही.

ही कल्पना यूएसबीहून पुष्कळ जुनी आहे. ॲलेक रीव्ह्ज हा ब्रिटिश अभियंता पॅरिसच्या प्रयोगशाळेत दूरध्वनीच्या लांब मार्गांवर काम करत होता. वाटेतला प्रत्येक वर्धक आवाजाबरोबर गोंगाटही वाढवतो, ही त्याची अडचण होती. त्याने आवाज अंकांत बदलून पाठवण्याची पद्धत सुचवली आणि 1938 साली तिचे फ्रान्समध्ये पेटंट घेतले. अंक वाटेत मळले तरी पुढच्या ठाण्यावर ओळखून नव्याने कोरे करकरीत लिहिता येतात, हे त्या पद्धतीचे मर्म होते.

हस्तलिखितांच्या परंपरेत वाढलेल्या मराठी वाचकाला हे पटायला अवघड जाऊ नये. पोथीची नक्कल करणाऱ्याचे अक्षर सुरेख असो वा किरटे, ओवी तीच राहते. अक्षर वाचता येते तोवर बोरूच्या किमतीने अर्थात भर पडत नाही. बिघाड होतो तो अक्षरच चुकले तर. एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती नकलांमध्ये चुकीचे पाठ शिरले होते म्हणून, लिहिणाऱ्यांची शाई फिकी होती म्हणून नव्हे.

चूक झाली तर ती कशी ऐकू येते?

मग अक्षरच चुकले तर? महाग केबलच्या बाजूने मांडला जाणारा एक मुद्दा इथे गंभीरपणे घ्यायला हवा. प्रिंटरकडे किंवा हार्ड डिस्ककडे जाणारी माहिती चुकली तर यूएसबी ती पुन्हा मागवते. गाण्याच्या बाबतीत तसे होत नाही. गाणे वेळेवर पोचणे अधिक महत्त्वाचे, म्हणून ध्वनीची पॅकेट एकदाच पाठवली जातात. चुकलेले पॅकेट पुन्हा येत नाही. "प्रिंटरची केबल कागद नीट छापते, म्हणजे गाणेही नीट नेईल" हा युक्तिवाद त्यामुळे अपुरा आहे.

पण पुन्हा मागवत नाहीत म्हणजे तपासत नाहीत, असे नव्हे. माहितीच्या प्रत्येक पॅकेटच्या शेवटी आतल्या अंकांवरून काढलेली 16 बिटांची तपासणी-संख्या असते. घेणारे यंत्र तीच आकडेमोड पुन्हा करून पाहते. वेदपठणातल्या पद, क्रम, जटा, घन या पाठांमागेही असाच हिशेब आहे. तेच शब्द ठरावीक उलटसुलट क्रमाने म्हटले की एखादा शब्द निसटलेला चटकन लक्षात येतो. विस्कटलेले पॅकेट या संख्येतून योगायोगाने निसटण्याची शक्यता 65,536 मध्ये एक.

आता चुकलेल्या पॅकेटचे काय होते ते पाहू. जुन्या वेगाच्या यंत्रांत दर मिलिसेकंदाला एक पॅकेट जाते. सीडीच्या दर्जाला त्यात बहुधा 44 नमुने असतात आणि दर दहाव्या पॅकेटात 45, म्हणजे हिशेब 44,100 ला जुळतो. असे एक पॅकेट टाकून द्यावे लागले, तर मिलिसेकंदाची पोकळी पडते आणि 'टिक्' असा आवाज येतो. अनेक पॅकेट गेली तर गाणे तुटते किंवा यंत्र संगणकाला दिसेनासे होते. बिघाडाचे रूप हे असे उघड असते.

आणि बिघाड पॅकेटातल्या कोणत्याही बिटावर आंधळेपणाने पडतो. नमुन्यातला सर्वांत क्षुल्लक बिट आणि सर्वांत वजनदार बिट केबलला सारखेच. केबलमुळे खर्ज गडद व्हायचा किंवा तार षड्ज उजळायचा, तर लक्षावधी अंक गाण्याचा रोख ओळखून पद्धतशीरपणे बदलावे लागतील आणि प्रत्येक पॅकेटची तपासणी-संख्याही त्यांना जुळवून घ्यावी लागेल. तार चांदीची असली तरी तिला ते साधणार नाही.

वेळेचा प्रश्न

दुसरा मुद्दा वेळेचा. अंक बरोबर असून भागत नाही, त्यांतून लहर पुन्हा उभी करताना ते समान अंतराने उचलले गेले पाहिजेत. तबल्याचे बोल अचूक असले तरी मात्रा हलली तर ठेका बिघडतो, तसेच. अंकांपासून लहर करणाऱ्या यंत्राला बाजारात 'डॅक' म्हणतात आणि त्याच्या घड्याळातल्या सूक्ष्म थरथरीला 'जिटर'. ही थरथर खरी आहे, मोजता येते आणि फार वाढली तर आवाज गढूळ करते.

प्रश्न एवढाच, की डॅकचे घड्याळ कोणाच्या तालावर चालते. जुन्या पद्धतीत डॅक संगणकाकडून येणाऱ्या पॅकेटांच्या गतीवरून आपले घड्याळ जुळवून घेत असे. तेव्हा संगणकाची चंचलता थोडीफार आत झिरपण्याला जागा होती. आज मिळणाऱ्या बहुतेक चांगल्या यंत्रांत याच्या उलट व्यवस्था असते. घड्याळ डॅकच्या पोटात असते, येणारे अंक आधी एका साठ्यात पडतात आणि साठा कमी-जास्त होऊ लागला की डॅकच संगणकाला सांगतो, थोडे जास्त पाठव, थोडे कमी पाठव.

गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसारखेच हे आहे. नगरपालिकेचे पाणी कधी जोरात येते, कधी करंगळीएवढे. न्हाणीघरातल्या नळाची धार मात्र टाकीतल्या पाण्यावर ठरते. टाकी रिकामी होत नाही आणि वाहून जात नाही, तोवर रस्त्यावरच्या नळाला चांदीचा मुलामा देऊन धार बदलणार नाही.

केबल जिथे खरोखर बोलते

तरीही केबल बदलल्यावर फरक पडल्याचे सांगणारे सगळेच कल्पनेत रमलेले असतात, असे मी म्हणणार नाही. यूएसबी केबल अंक नेते, पण लाल आणि काळ्या तारेमुळे ती संगणक आणि ध्वनियंत्रणा यांना विजेनेही जोडते. लॅपटॉपच्या चार्जरचा गोंगाट या वाटेने डॅकच्या नाजूक भागात शिरू शकतो. शिवाय संगणक आणि ॲम्प्लिफायर दोन वेगळ्या ठिकाणी अर्थिंगला जोडलेले असतील, तर दोन अर्थिंग आणि केबल मिळून एक वळसा पूर्ण होतो. मग स्पीकरमधून वीजपुरवठ्याची 50 हर्ट्झची घूं ऐकू येते. माऊस हलवला की बारीक चिरचिर येणे हेही याच कुळातले.

हा दोष ओळखणे सोपे आहे. गाणे बंद ठेवून आवाज वाढवा आणि लॅपटॉपचा चार्जर काढा. गुणगुण थांबली, तर दोष विजेच्या वाटेत आहे. त्यावर उपायही आहेत: दोन्ही यंत्रे एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावणे, लॅपटॉप बॅटरीवर चालवणे, मध्ये यूएसबी आयसोलेटर बसवणे किंवा सोय असल्यास प्रकाशतंतूची केबल वापरणे. तिच्यातून वीज जातच नाही, त्यामुळे वळसा तुटतो. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नये. त्याने घूं थांबेल, पण तोच माणसाच्या जिवाचा आधार असतो.

महाग केबलचे जाड आच्छादन यात थोडी मदत करते, नाही असे नाही. पण अर्थिंगचा वळसा ती तोडत नाही, कारण काळी तार तिच्यातही असतेच.

घरी जोडायची असेल तर

घरी केबल जोडण्यात गैर काही नाही, नियम पाळले की झाले. डेटाच्या जोडीला पीळ हवा आणि तिचा विद्युतरोध, ज्याला इम्पिडन्स म्हणतात, 90 ओहमच्या आसपास हवा. तो तारेची जाडी, मधले अंतर आणि वेष्टन यांवरून ठरतो. म्हणून सुट्या तारा वळण्यापेक्षा यूएसबीसाठीच बनवलेली केबल कापून घेणे शहाणपणाचे. टोकाशी पीळ जितका कमी उलगडेल तितका बरा. लांबी पाच मीटरच्या आत ठेवावी, आणि 5 व्होल्टची तार चुकून काळीला टेकत नाही ना, हे लावण्याआधी मल्टिमीटरने पाहावे. गोंगाट टाळण्यासाठी काही जण लाल तारच कापतात. पण स्वतःचा वीजपुरवठा असलेल्या अनेक यंत्रांनाही संगणक जोडला गेल्याची खूण त्या 5 व्होल्टवरूनच कळते.

मी तीन केबल एका कसोटीला लावल्या. एक प्रिंटरबरोबर आलेली, एक घरी जोडलेली आणि एक स्नेह्याकडून मागून आणलेली भारी किमतीची. अंकीय निर्गम आणि अंकीय आगम दोन्ही असलेल्या यूएसबी यंत्रातून एक ध्वनिफीत वाजवायची, ती त्याच यंत्राच्या आगमात परत घ्यायची, संगणकावर नोंदवायची आणि मूळ फितीतून वजा करायची. 48,000 नमुन्यांच्या स्टिरिओ दर्जाला तासाभरात 34 कोटी 56 लाख अंक जातात आणि येतात. तिन्ही केबलची वजाबाकी शून्य आली. मग घरच्याच केबलमध्ये पीळ नसलेल्या सुट्या तारांचे लांब ठिगळ लावले. तेव्हा टिक्-टिक् सुरू झाली आणि थोड्या वेळाने यंत्र संगणकावरून नाहीसे झाले. सूर पातळ होणे, पडदा पडणे अशी मधली अवस्था कुठेच आली नाही.

ही कसोटी करताना संगणकातल्या आवाजाची पातळी पूर्ण ठेवावी लागते आणि नमुन्यांचा वेग दोन्हीकडे एकच ठेवावा लागतो. नाहीतर संगणकाची प्रणाली स्वतःच 44,100 चे 48,000 करून टाकते आणि सगळे अंक बदलतात. केबलवर आळ येणारे कितीतरी बदल प्रत्यक्षात या सेटिंगमध्ये घडतात.

कानाची परीक्षा

मग अनुभवी कानांना फरक ऐकू येतो, त्याचे काय? कान खोटे बोलत नाहीत, पण ते एकटे ऐकत नाहीत. डोळे, किंमत आणि अपेक्षा त्यांच्या शेजारी बसलेल्या असतात. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी 1994 साली स्पीकरांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. तेच स्पीकर श्रोत्यांनी आधी झाकलेले आणि मग उघडे ऐकले, तेव्हा दिलेले गुण बदलले. श्रोते अनाडी होते असे नव्हे. डोळ्यांना दिसते तेही ऐकण्यात मिसळते, एवढेच त्यातून दिसले. कवितास्पर्धेत परीक्षकांकडे कविता पाठवताना कवीचे नाव झाकतात ते याच कारणासाठी. त्यात परीक्षकाचा अपमान कोणी मानत नाही.

घरी ही परीक्षा अशी घ्यावी. केबल बदलणारा माणूस पडद्याआड असावा आणि कोणती लावायची हे त्याने नाणे उडवून ठरवावे. ऐकणाऱ्याने 16 वेळा ओळखावे. निव्वळ अंदाजाने 12 किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता सुमारे 3.8 टक्के आहे, म्हणून 12 ही उंबरठ्याची संख्या धरतात. आमच्या मंडळींत ही परीक्षा झाली तेव्हा नाणेफेकीहून वेगळे काही हाती लागले नाही. एका बैठकीने जगातल्या सगळ्या कानांचा निकाल लागत नाही, हे खरे. पण वजाबाकी शून्य आणि ओळख नाण्याइतकी, या दोन गोष्टी एकत्र पाहिल्यावर केबलसाठी पैसे मागणाऱ्याने पुरावा द्यावा, असे म्हणता येते.

नोंद करताना मात्र

आतापर्यंतचे विवेचन ऐकण्याच्या बाजूचे झाले. जुनी मुद्रणे संगणकात उतरवताना केबलचे महत्त्व उलट वाढते, आणि ही बाजू चर्चेत क्वचितच येते. ऐकताना एखादे पॅकेट हरवले तर एक 'टिक्' येते आणि जाते. नोंद करताना हरवले तर ती पोकळी कायमची त्या प्रतीत बसते. बुरशी धरलेली, थर सुटत चाललेली टेप कदाचित एकदाच धडपणे वाजणार असते. त्या एका फेरीत केबलचे टोक सैल निघाले, तर पुन्हा मागवण्याची सोय नसते. म्हणून केबल महाग आहे का, हे मी विचारत नाही. ती तपासलेली आहे का, हे विचारतो. टेप लावण्याआधी तासभर वजाबाकीची कसोटी, टोके घट्ट, मध्ये हब नाही.

आणि वाचलेले पैसे तिथे जावेत, जिथे गाण्याचा आकार अजून अंक झालेला नाही. टेपच्या हेडचा कोन किंचित चुकला, तर वरचे स्वरांश नाहीसे होतात आणि पुढे कोणतीही केबल ते परत आणत नाही. 78 फेऱ्यांच्या तबकडीला सुमारे तीन सहस्रांश इंच टोकाची सुई लागते. एलपीची बारीक सुई तिच्या खोबणीच्या तळाशी घासत राहते आणि फक्त खरखर उचलते. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या कितीतरी तबकड्या नेमक्या 78 फेऱ्यांच्या नसत. 74 फेऱ्यांवर मुद्रित झालेली तबकडी 78 वर वाजवली, तर स्वर जवळपास एका श्रुतीयंत्री अर्ध्या घराने, म्हणजे पेटीवरच्या शेजारच्या पट्टीइतका चढतो. पांढरी चारमध्ये गाणारा गायक काळी तीनच्या उंबऱ्याशी जाऊन पोचतो आणि पुढची पिढी त्यालाच त्याचा आवाज समजते.

खर्चाचा क्रम त्यामुळे मी असा लावतो: आधी सुई आणि हेडची जुळणी, मग यंत्राचा वेग, मग 24 बिटांत आणि किमान 48,000 नमुन्यांनी नोंद करणारे चांगले यंत्र, मग दोन वेगळ्या हार्ड डिस्क. प्रत्येक फितीची चेकसम काढून ती वहीत लिहून ठेवावी आणि वर्षातून एकदा जुळवून पाहावी. केबलसाठी दोन-तीनशे रुपये पुरतात. तासाभराची कसोटी मात्र चुकवू नये, कारण टेप दुसरी संधी देईलच असे नाही.